‘इथे काही नाही, मॅम’

२०२५ या वर्षासाठी युरोपची सांस्कृतिक राजधानी म्हणून दोन जागा निवडल्या गेल्या. एक इटली आणि स्लोव्हेनियाच्या सीमेवरचं गोरिझिया-नोव्हा गोरिट्सा हे जोडशहर आणि दुसरं जर्मनीतलं केम्निट्झ. १८ जानेवारीला, ऐन थंडीत, केम्निट्झमध्ये उद्घाटन झालं आणि पुढे वर्षभर तिथे प्रदर्शनं, नाटकं, मैफली चालू राहिल्या. लांबलांबून माणसं तिकिटं काढून आली. त्याच वर्षी रायपूरच्या समता कॉलनीतला एक मुलगा केम्निट्झच्या तांत्रिक विद्यापीठात शिकत होता. जर्मनची मुळाक्षरं त्याने माझ्या वर्गात गिरवली होती. त्या वर्षात तो प्राग, व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट, पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, मिलान आणि व्हेनिस पाहून आला. वर्ष सरताना फोनवर मी त्याला केम्निट्झबद्दल विचारलं. तो म्हणाला, ‘‘इथे काही नाही, मॅम. म्हणून तर वीकेंडला बाहेर पडावं लागतं.’’

हेच वाक्य मला माग्डेबुर्गहून ऐकू येतं, इल्मेनाऊहून येतं, झीगनहून येतं. रायपूर, भिलाई, बिलासपूरची मुलं जर्मनीतल्या लहान-मध्यम गावांत शिकायला जातात आणि ज्या गावात राहतात त्या गावात ‘काही नाही’ असं ठरवून मोकळी होतात. मला या वाक्याचा संताप येतो. एकट्या मुलांवर तो काढणं अन्यायाचं होईल, कारण हे वाक्य त्यांच्या तोंडात घालणारे आपण इथे रायपुरात बसलो आहोत. तेव्हा आपल्यापर्यंतही मी येणारच आहे.

माझं म्हणणं आधी सांगते. परदेशी शिकणाऱ्या मुलाने दर शनिवार-रविवार युरोपातली एकेक राजधानी उरकणं ही त्याच्या शिक्षणाची नासाडी आहे. पैसा जातो ते वेगळंच. पण जर्मनीतलं गाव परक्या माणसाशी बोलायला मोकळं असतं ते नेमके हेच दोन दिवस, आणि त्याच दोन दिवसांत आपला मुलगा त्या गावाकडे पाठ करून बसमध्ये बसतो.

तिथला आठवडा कसा चालतो हे इथल्या आईबापांना ठाऊक नसतं. सोमवार ते शुक्रवार सगळे आपापल्या कामाला जुंपलेले. मुलाचा अभ्यासक्रम इंग्रजीत, वर्गात निम्मी मुलं भारतातली, प्रयोगशाळेत इंग्रजी, मेन्सामध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, हिंदी. संध्याकाळी खोलीवर आलं की तिथेही आपलीच तिघं-चौघं, कुकरची शिट्टी आणि हिंदी मालिका. जर्मनी कुठे भेटणार? ती भेटते शनिवारी सकाळी चौकातल्या भाजीबाजारात, दुपारी फुटबॉलच्या मैदानावर, गायनमंडळाच्या तालमीत, स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या कवायतीत, गावाबाहेरच्या छोट्या बागांच्या पट्ट्यांत. जर्मनीत सहा लाखांहून जास्त नोंदणीकृत मंडळं आहेत. कबुतरं पाळणाऱ्यांपासून जुनी इंजिनं दुरुस्त करणाऱ्यांपर्यंत ज्याला त्याला आपलं मंडळ आहे, आणि या मंडळांचा मोठा कारभार सुट्टीच्या दिवशी चालतो. रविवारी कायद्यानेच दुकानं बंद. लोक घरी असतात. दुपारी तीन-चारच्या सुमारास कॉफी आणि केक होतो, आणि परक्याला बोलावायचं तर त्याच वेळेला बोलावतात. जर्मन माणूस पहिल्या भेटीत मोकळा होत नाही. एका शनिवारी जाऊन उभं राहिलं तर कोणी विचारत नाही. सलग काही आठवडे तोच चेहरा दिसला की कोणी तरी नाव विचारतं, आणि एकदा नाव विचारलं की ती ओळख वर्षानुवर्षं टिकते. मी मारबुर्गला शिकत होते तेव्हा शनिवारी चर्चच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात काम करायचे. मला आज जे जर्मन येतं ते तिथल्या म्हाताऱ्या बायकांनी शिकवलेलं आहे. विद्यापीठाने पदवी दिली, भाषा त्यांनी दिली.

या दोन दिवसांवर दरोडा घालायची पूर्ण व्यवस्था आता तयार आहे. १९८५ साली लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावी करार झाला आणि आज त्याच्या कक्षेत २९ देश आहेत. जर्मनीचा विद्यार्थी-परवाना खिशात असला की बाकीच्या देशांत १८० दिवसांतले ९० दिवस फिरता येतं. २०१३ पासून जर्मनीत लांब पल्ल्याच्या बसवाहतुकीवरचं जुनं बंधन उठलं आणि हिरव्या बसगाड्यांचं जाळं पसरलं. त्याच्या वर स्वस्त विमानं. हे सगळं चांगलं आहे. सीमा उघड्या असणं ही युरोपने मोठी किंमत मोजून मिळवलेली गोष्ट आहे, तिच्यावर माझा राग नाही. राग आहे तो तिच्या अशा वापरावर. शुक्रवारी शेवटचं लेक्चर अर्धवट सोडून मुलगा बस पकडतो. रात्रभर मान अवघडून बसतो. शनिवारी सकाळी पॅरिसला उतरतो तेव्हा डोळे चुरचुरत असतात. आयफेल, लूव्रचा काचेचा पिरॅमिड बाहेरून, नोत्र दामसमोर रांग, मग सीनचा काठ. रात्री आठ-दहा जणांच्या खोलीत झोप. रविवारी माँमार्त्र आणि परतीची बस. सोमवारी सकाळच्या वर्गात तो असतो, पण जागा नसतो. विमानाने गेला तर वेगळीच तऱ्हा. स्वस्त विमान ज्याला ‘पॅरिस’ म्हणतं तो बोव्हेचा विमानतळ पॅरिसपासून ऐंशीएक किलोमीटरवर आहे, आणि ‘फ्रँकफुर्ट’ नावाने विकला जाणारा हान तर शंभरावर. तिकिटात वाचलेले पैसे आणि उरलेली झोप विमानतळाच्या बसमध्ये जाते.

या प्रवासातून पॅरिस कळतं असं म्हणणाऱ्याने मला तिथल्या एका माणसाचं नाव सांगावं. हॉस्टेलच्या काउंटरवरच्या पोराचं नाही, तो बहुधा कोलंबियाचा असतो.

ज्या गावांत ही धाड पडते त्यांना काय वाटतं तेही ऐका. व्हेनिसने २५ एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या दिवसांना पाच युरोंचं प्रवेशशुल्क बसवलं. ते कोणासाठी? मुक्कामाला राहणाऱ्याला माफ आहे. सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्याला भरावं लागतं. म्हणजे आपल्याच मुलांसारख्यांना. २०२४ च्या जुलैत बार्सिलोनाच्या रहिवाशांनी मोर्चा काढला आणि पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या. त्या शहरात भाड्याने घर मिळत नाही म्हणून तिथली तरुण मुलं शहराबाहेर फेकली जात आहेत. परदेशी शिकायला गेलेला, स्वतः खोली मिळवण्यासाठी महिनोन्‌महिने वणवण केलेला मुलगा त्या मोर्चातल्या मुलांच्या बाजूला असायला हवा. आपल्या घरी आलेल्या त्याच्या फोटोत तो सग्रादा फमिलियासमोर दोन बोटं वर करून उभा होता.

आणि मोजदाद. ‘माझे चौदा झाले, तुझे किती?’ या संभाषणात देशांची संख्या असते. व्हॅटिकन हा अर्ध्या चौरस किलोमीटरच्याही आतला देश रोमच्या पोटात आहे म्हणून एक नंबर वाढतो. लिख्टेनस्टाइनमध्ये बस थांबवून पासपोर्टवर शिक्का विकत घेतात, अजून एक. व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा तासाभरावर, दुपारी जाऊन संध्याकाळी परत, अजून एक. देश म्हणजे तिथली माणसं, त्यांचा कष्ट, त्यांची भांडणं. तो आकड्यात मोजणाऱ्या मुलाला आपण सुशिक्षित म्हणतो याची मला लाज वाटते.

हे सगळं चालतं कोणासाठी? पॅरिसमध्ये त्याला कोणी ओळखत नाही. केम्निट्झमधल्या वर्गमित्रांना त्याचं कौतुक नाही, तेही हेच करतात. हे चालतं रायपूरसाठी. घरच्या व्हॉट्सॲप गटासाठी, शंकरनगरातल्या मावशीसाठी, सोसायटीतल्या त्या काकांसाठी ज्यांचा मुलगा कॅनडात आहे. एका हळदीकुंकवाला मी आयांचं बोलणं ऐकलं आहे. एकजण सांगत होत्या, ‘‘आमचा तर दर आठवड्याला नव्या देशात असतो.’’ त्यांना मी विचारलं, तो राहतो त्या गावाचं नाव काय? त्यांना ते आठवेना. लग्नाच्या बायोडेटात ‘१२ देशांचा प्रवास’ अशी ओळ मी स्वतः वाचली आहे. शिक्षणाच्या खाली, पगाराच्या वर.

परदेशी पाठवणाऱ्या एजंटांबद्दल तर मला सौम्य शब्द सुचत नाहीत. रायपुरात चौकाचौकांत त्यांचे फलक आहेत. शिकायला पाठवायचं असतं जर्मनीतल्या एखाद्या कारखानदारी गावात, फलकावर मात्र आयफेल टॉवर. समुपदेशनाच्या नावाखाली अर्ध्या तासात मुलाच्या डोक्यात भरवलं जातं की ‘वीकेंडला सगळा युरोप फिरशील’. त्या मुलाला कोणी सांगत नाही की डिसेंबरात चारच्या सुमारासच अंधार पडू लागतो, की पहिल्या हिवाळ्यात एकटेपणा अंगावर येतो, की त्यावरचा उपाय बसच्या तिकिटात मिळत नाही. फिरायला जाण्याचं आमिष दाखवून शिक्षण विकणाऱ्यांनी शिक्षणाचा धंदा सोडून सरळ पर्यटन कंपनी काढावी.

आता पैशांकडे येते, कारण तो हिशेब आईबाप नीट करत नाहीत आणि मुलं तर करतच नाहीत. जर्मनीच्या व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाला ११,९०४ युरो ठेवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२ युरो. युरो आता शंभर रुपयांच्या वर आहे. दोन वर्षांचे पंचवीस लाखांच्या घरात जातात. आपल्याकडच्या बहुतेक घरांत हे कर्ज असतं, साडेसात लाखांच्या वर गेलं की बँकेला तारण लागतं, आणि ते तारण म्हणजे टाटीबंधचा प्लॉट नाहीतर बाबांचं राहतं घर. हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतात म्हणून मुलांना कर्ज जाणवत नाही. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं. म्हणजे बुडापेस्टच्या हॉस्टेलचा बिछाना, प्रागमधली बिअर, झुरिकमधली महागडी कॉफी, यातलं बरंच काही घर गहाण टाकून घेतलेलं असतं.

आणि त्या कर्जाची फेड ज्या नोकरीतून व्हायची त्या नोकरीला जर्मन लागतं. पदवीनंतर नोकरी शोधायला जर्मनी १८ महिने देते. बर्लिन-म्युनिकच्या काही मोठ्या कंपन्यांत इंग्रजीवर भागतं, पण तिथे जगभरातून रांग लागलेली असते. जर्मन उद्योगाचा कणा म्हणजे लहान गावांतले मध्यम आकाराचे, बहुधा एखाद्या कुटुंबाच्या मालकीचे कारखाने. तिथे फोरमनशी, लेखापालाशी, ग्राहकाशी जर्मनमध्ये बोलावं लागतं. मुलाखतीला गेलेला आपला मुलगा दोन वर्षं जर्मनीत राहून ‘माझं नाव अमुक, मी भारताचा’ याच्या पुढे जात नाही. अठरा महिने संपत येतात तेव्हा रात्री उशिरा मला फोन येतात. ‘मॅम, दोन महिन्यांत बी-टू होईल का?’ नोकरीपुरत्या जर्मनची ती पातळी दोन महिन्यांत होत नाही. भाषेला आठवडे द्यावे लागतात, आणि ते सगळे आठवडे बसच्या खिडकीत गेलेले असतात. परदेशी विद्यार्थ्याला तिथे वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं. बेकरीत शनिवारची पाळी केली असती तर पैसेही आले असते आणि भाषाही.

कर्ज काढून जर्मनीत शिकायला जाण्याची एक जुनी आठवण मराठी माणसाच्या घरात असायला हवी. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२८ च्या नोव्हेंबरात बर्लिनला गेल्या त्या कर्जावरच. ते पैसे जीवराज मेहता यांनी दिले होते, आणि सासऱ्यांचा, म्हणजे साक्षात धोंडो केशव कर्व्यांचा, या जाण्याला विरोध होता. दोन वर्षांत बाई डॉक्टरेट घेऊन परत आल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धान्ताचे मोठे पुरस्कर्ते. कवट्यांच्या मोजमापातून गोऱ्यांचं श्रेष्ठत्व दिसावं अशी त्यांची अपेक्षा. बाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाशी त्या मोजमापाचा संबंध लागत नाही असं लिहून दिलं. एक तरुण हिंदू बाई, परक्या देशात, आपल्याच मार्गदर्शकाच्या विरोधात. इतकी हिंमत येते कुठून? ज्या जागी आहोत तिथे पाय रोवून उभं राहिल्याशिवाय ती येत नाही.

पण रायपूरकरांनी इरावतीबाईंपर्यंतही जायची गरज नाही. आपल्या बैजनाथपाऱ्याचा माणूस पुरेसा आहे. रंगकर्मी हबीब तन्वीर, जन्म १ सप्टेंबर १९२३, रायपूर. लॉरी म्युनिसिपल शाळेत शिकले, नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून बी.ए. झाले. मुंबईत रेडिओ, इप्टा, मग दिल्लीत १९५४ साली ‘आग्रा बाजार’. पुढच्या वर्षी ते इंग्लंडला गेले आणि लंडनच्या राडा या नाट्यसंस्थेत अभिनय शिकू लागले. तिथून ब्रिस्टल ओल्ड व्हिकच्या शाळेत दिग्दर्शन. त्यानंतर ते युरोपात फिरले. माझ्या या लेखावर कोणी म्हणेल की बाई फिरण्याच्या विरोधात आहेत, त्याने इथे नीट वाचावं. तन्वीर फिरले, आणि भरपूर फिरले. पण ते नाटकाच्या मागे फिरले. १९५६ साली बर्लिनला पोचले तेव्हा नाटककार ब्रेख्त जाऊन काही महिनेच झाले होते. ज्याला भेटायचं तो माणूसच गेलेला. आजचा मुलगा ब्रांडेनबुर्ग गेटसमोर फोटो काढून संध्याकाळची बस पकडतो. तन्वीर बर्लिनमध्ये आठ महिने राहिले. ब्रेख्तच्या बर्लिनर एन्साम्बल या मंडळीची नाटकं पाहिली आणि ब्रेख्तच्या रंगभूमीचा ध्यास घेतला.

त्या मुक्कामाने काय दिलं ते सगळ्या देशाने पाहिलं. ब्रेख्तची नक्कल करायला ते परत आले नाहीत. आपल्या मातीतल्या रूपांशिवाय आपलं नाटक उभं राहणार नाही ही खूणगाठ बांधून ते परतले. १९५८ साली रायपूरला घरी आले तेव्हा आपल्याच शाळेच्या मैदानावर रात्रभर चाललेला नाचा, हे छत्तीसगढी लोकनाट्य, त्यांनी पाहिला, आणि त्या मंडळींतले सहा कलावंत दिल्लीला नेले. मदनलाल, ठाकुरराम, लालूराम, भुलवाराम, बाबूदास, जगमोहन. त्यांना घेऊन ‘मृच्छकटिक’ ‘मिट्टी की गाडी’ म्हणून उभं राहिलं. पुढच्या वर्षी ‘नया थिएटर’ ही त्यांची नाटकमंडळी. १९७५ चं ‘चरनदास चोर’ १९८२ मध्ये एडिनबरोला गेलं आणि तिथलं फ्रिंज फर्स्ट पारितोषिक घेऊन आलं, छत्तीसगढी बोलीत, खेड्यातल्या कलावंतांसह. युरोपात शिकायला गेलेल्या रायपूरच्या मुलाने युरोपला परत काय दिलं याचं याहून मोठं उदाहरण माझ्यापाशी नाही. आजच्या मुलांना तन्वीर माहीत नाहीत. त्यांच्या आईबापांना माहीत आहेत, पण मुलाला निरोप देताना विमानतळावर त्यांचं नाव कोणी काढत नाही.

आपण रायपूरचे मराठी लोक तर मुळात परक्या मुलखात मुरलेली माणसं. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून, बिंबाजी भोसले रतनपूरला राहू लागले तेव्हापासून, आपली घरं इकडे येत राहिली. तात्यापाऱ्यातल्या, बूढापाऱ्यातल्या जुन्या वाड्यांतल्या आज्या पुरणपोळीबरोबर छत्तीसगढी फरा आणि चीला करत आल्या. माधवराव सप्रे यांची मातृभाषा मराठी. १९०० साली पेंड्र्याहून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ काढलं, ‘दासबोध’ आणि टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं, आणि आज हिंदीचे पहिल्या फळीचे संपादक म्हणून त्यांचं नाव घेतात. परक्या गावाला आपलं करणं म्हणजे काय हे ज्या समाजाच्या रक्तात आहे, त्या समाजाची मुलं दोन वर्षं एका गावात राहून तिथल्या शेजाऱ्याचं नाव न विचारता परत येतात.

आणि केम्निट्झमध्ये काय आहे ते त्या मुलाला कळायला हवं होतं, कारण इतर कुणाहीपेक्षा त्याला ते लवकर कळलं असतं. त्याचे आजोबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात होते. तो कारखाना १९५५ च्या करारानुसार सोव्हिएत मदतीने उभा राहिला आणि १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली. त्याच काळात केम्निट्झचं नाव होतं कार्ल-मार्क्स-श्टाट. १९५३ ते १९९०. चौकात आजही लेव केर्बेल या सोव्हिएत शिल्पकाराने घडवलेलं मार्क्सचं सात मीटर उंचीचं मस्तक आहे, १९७१ पासून. यंत्रं बनवणारं, कापडाचं, कामगारांचं शहर. १९९० नंतर सरकारी कारखाने एकामागून एक विकले गेले किंवा बंद पडले. तीन लाखांच्या वरचं शहर अडीच लाखांच्या आत आलं. तरुण पश्चिमेला गेले, म्हातारे मागे राहिले. छत्तीसगढच्या मुलाला हे परकं आहे? कोरब्याच्या बाल्को या सरकारी ॲल्युमिनियम कंपनीचे ५१ टक्के समभाग २००१ साली खासगी हातांत गेले तेव्हा कामगार दोन महिन्यांहून जास्त संपावर होते. भिलाईच्या सेक्टरांमधली रिकामी होत चाललेली क्वार्टर्स त्याने लहानपणापासून पाहिली आहेत. ट्राममध्ये शेजारी बसणाऱ्या सत्तरीच्या माणसाला त्याने एकदा विचारलं असतं, ‘तुम्ही कुठल्या कारखान्यात होता?’ तर त्या माणसाने आपलं सगळं आयुष्य त्याच्यापुढे मांडलं असतं. त्या गावात ज्याला आजोबांच्या निमित्ताने बोलता आलं असतं असा तो एक मुलगा, आणि तो दर शनिवारी गावाबाहेर. गुन्झेनहाउझर संग्रहालयातली ओटो डिक्सची चित्रं पाहायला लोक दुरून येतात. तिथेही तो गेला नाही.

सुट्टीत गावात का थांबत नाही, याचं एक प्रामाणिक उत्तर मला मिळालं ते एका मुलीकडून. ती म्हणाली, ‘‘ताई, भीती वाटते. गावात सगळे आपल्याकडे बघतात. पॅरिसमध्ये कोणी बघत नाही.’’ या भीतीला मी खोटं म्हणणार नाही. २०१८ च्या ऑगस्ट अखेरीस केम्निट्झमध्ये एका खुनानंतर परदेशी दिसणाऱ्या माणसांविरुद्ध हजारोंचे मोर्चे निघाले, काहींचा रस्त्यावर पाठलाग झाला. ते सगळ्या जगाने पाहिलं. त्यानंतर लगेच, ३ सप्टेंबरला, त्याच शहरात ‘आम्ही जास्त आहोत’ या घोषणेखाली झालेल्या संगीताच्या कार्यक्रमाला सुमारे ६५ हजार लोक जमले. ज्या नवनाझी टोळीने २००० ते २००७ या काळात जर्मनीभर दहा जणांना मारलं, त्यांतले नऊ स्थलांतरित घरांतले होते, ती टोळी भूमिगत झाल्यावर आधी केम्निट्झमध्येच लपली होती. २०२५ च्या मे महिन्यात त्या गुन्ह्यांचं दस्तऐवज केंद्र याच शहरात उघडलं. सावळ्या कातडीच्या विद्यार्थ्यासाठी त्या शहरात याहून महत्त्वाची इमारत नाही. शनिवारी तिथे गेलं असतं तर कळलं असतं की या गावात आपल्याविरुद्ध कोण आहे आणि आपल्या बाजूने कोण उभं आहे. भीती वाटते म्हणून पळून जाणाऱ्याला दोन्ही कळत नाही. सोमवारी त्याच ट्रामने त्याच लोकांमध्ये परत यायचंच असतं.

‘आधी सिरपूर बघा, मग युरोप’ असं सांगणाऱ्यांची मला मदत नको. सिरपूरचं लक्ष्मण मंदिर मुलांनी पाहावंच, पण देशाभिमानाची काठी घेऊन मुलांना घरात कोंडणाऱ्यांशी माझं काही देणंघेणं नाही. ‘तरुणपणी नाही फिरायचं तर कधी?’ हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याचं उत्तर सोपं आहे. सत्र संपल्यावर कित्येक आठवड्यांची सुट्टी असते. तेव्हा जा. एका जागी जा, पंधरा दिवस राहा, तिथली भाषा चार शब्द तरी शिकून जा, स्वतः कमावलेल्या पैशांतून जा. क्राकोला जा, लिस्बनला जा. पण सत्र चालू असताना आपलं गाव सोडू नका.

या ऑक्टोबरात जाणाऱ्या माझ्या वर्गातल्या मुलांना मी हे लेखी दिलं आहे. पहिला सबंध हिवाळा गावाबाहेर मुक्काम नाही. पहिल्या महिन्यात एखाद्या मंडळात नाव नोंदवायचं आणि मला त्याचं नाव कळवायचं. शनिवारी काम मिळालं तर घ्यायचं, रविवारी कोणी कॉफीला बोलावलं तर नाही म्हणायचं नाही. ते वाचून एक आई माझ्याकडे आल्या. मुलगा हुशार, जर्मन चांगलं उचललेलं, प्रवेश ड्रेस्डेनजवळच्या एका गावात. त्या म्हणाल्या, ‘‘मॅडम, एवढे पैसे घालतोय, आणि तुम्ही त्याला तिथेच बांधून ठेवणार? मग तो फोटो कसले पाठवणार?’’ मी म्हटलं, ‘‘घरमालकिणीचा पाठवू दे. तिच्या स्वयंपाकघरातला.’’ त्यांनी पुढच्या आठवड्यात मुलाला माझ्या वर्गातून काढलं.